बाई, फुकट म्हणजे किती?

मैत्रिणींनो, नागझिऱ्याचे नाव काढले की तुमच्या डोळ्यांपुढे वाघ येतो, तलाव येतो, कंदिलाच्या उजेडात काढलेली विश्रामगृहातली एखादी रात्र येते. १९७० साली अभयारण्य झालेले हे जंगल २०१३ च्या डिसेंबरपासून नवेगावसकट व्याघ्र प्रकल्प झाले. नागपूरकडच्या कितीतरी कुटुंबांची दिवाळीची किंवा मेमधली सहल इथेच होते. पावसाळ्यात मात्र जंगल पर्यटकांसाठी बंद असते. पण जंगलाच्या कडेची गावे काही बंद होत नाहीत! तिथे त्याच दिवसांत धानाची रोवणी चाललेली असते, आणि बाया गुडघाभर चिखलात वाकून उभ्या असतात. आज मी तुम्हाला वाघाची गोष्ट सांगणार नाही. अशाच एका गावातल्या बाळंतिणीची सांगणार आहे.

मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथे नववीतली एक मुलगी जुलैमध्ये तीन आठवडे आली नाही. रोवणीच्या दिवसांत मुली गैरहजर राहतात, त्यात नवल नाही. पण ही मुलगी आली तेव्हा तिच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर एक लांबलचक हिशेब होता. मी विचारले, "हे काय गं?" ती म्हणाली, "वहिनीच्या बाळंतपणाचा खर्च. बाबांनी लिहून ठेवायला सांगितला." आणि मग जरा थांबून तिने विचारले, "बाई, सरकारी दवाखान्यात फुकट राह्यते म्हणतात ना? मग फुकट म्हणजे किती?"

मला उत्तर देता आले नाही. त्या रविवारी मी तिच्या घरी गेले. सासूबाईंनी खाट टाकली, काळा चहा दिला आणि सगळी हकीकत सांगितली.

सून पहिलटकरीण. आठवडाभर पायांवर सूज होती, डोके दुखत होते. पण रोवणी ऐन रंगात आलेली; "अशा दिवसांत पाय सुजतेच," असे म्हणून कोणी मनावर घेतले नाही. गावात आलेल्या नर्सबाईंनी तपासले होते, पण रक्तदाबाचे यंत्र बिघडलेले. पुढच्या खेपेला बघू, असे ठरले. दिवस भरायला महिनाभर असताना एका रात्री आठच्या सुमारास पोटात कळा सुरू झाल्या. फोनला रेंज नाही. मुलाने तलावाच्या पाळीवर चढून १०८ ला फोन लावला, तर गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. शेवटी साडेनऊला दीड हजार रुपये कबूल करून शेजारच्या गावची जीप आणली.

पहिले दार उपकेंद्राचे. त्याला कुलूप. दुसरे दार प्राथमिक आरोग्य केंद्राचे. तिथे सिस्टर होत्या, डॉक्टर नव्हते. सिस्टरने रक्तदाब पाहिला आणि लगेच आपल्या केंद्राच्या गाडीतून पुढे पाठवले. तिसरे दार ग्रामीण रुग्णालयाचे. तिथे पोहोचेपर्यंत सुनेला झटका आला. तिथल्या परिचारिकेने वेळ न घालवता इंजेक्शन दिले. त्या बाईमुळे सून आज जिवंत आहे, असे नंतरच्या डॉक्टरांनीच सांगितले. पण सिझेरियन करायचे तर भूल देणारे डॉक्टर नाहीत, ती जागाच रिकामी. तिथून १०८ ची गाडी मिळाली आणि पहाटे तीनला चौथे दार आले, जिल्ह्याच्या ठिकाणचे मोठे रुग्णालय. तिथे कळले की अंगात रक्त फक्त सात ग्रॅम. बाळ झाले ते सोळाशे ग्रॅमचे. एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होते.

मायलेकरे वाचली. ही गोष्ट मी आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. पण सात तास आणि चार दारे! आणि त्यानंतर वहीतला तो हिशेब. तुम्हीही घरचा हिशेब ठेवता, तेव्हा तो तसाच मांडते:

रात्रीची जीप – १,५०० रुपये
बाहेरच्या दुकानातून आणायला लावलेली औषधे, हातमोजे वगैरे – ३,४००
बाहेरची सोनोग्राफी आणि रक्ततपासणी – २,३००
रक्त देणाऱ्या नातेवाइकाला आणण्याचा खर्च – ८००
घरच्यांचे एकोणीस दिवसांचे जेवण, चहा, राहणे – ५,७००
मुलगा झाला म्हणून मागितलेली 'खुशी' – ६००
परतीची गाडी – १,८००

एकूण १६,१०० रुपये. त्यात दोन माणसांची एकोणीस दिवसांची बुडालेली मजुरी ११,४०० धरली, तर २७,५००. सासूबाईंचे डोरले गहाण पडले ते अजून सुटलेले नाही.

सासूबाई म्हणाल्या, "सून वाचली, नातू वाचला, बाई. पैसा का, आज हाये उद्या नाई. पन पुढच्या वेळी रातच्याले निघाचं तं कोनाच्या भरवशावर?"

कोणते रुग्णालय, कोणता जिल्हा, हे मी मुद्दामच सांगत नाही. नागझिऱ्याच्या एका अंगाला गोंदिया, दुसऱ्या अंगाला भंडारा. आणि खरे सांगायचे तर ही गोष्ट मेळघाटात किंवा नंदुरबारलाही घडू शकते. एखाद्या सिस्टरला दोष देऊन ती संपत नाही.

नियम काय सांगतो?

मी घरी येऊन चौकशी केली, तेव्हा कळले की ह्यातला बराचसा खर्च व्हायलाच नको होता. २०११ सालापासून देशभर 'जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम' आहे. त्याप्रमाणे सरकारी दवाखान्यात बाळंतपण, मग ते साधे असो की सिझेरियन, पूर्ण मोफत. औषधे मोफत, तपासण्या मोफत, रक्त मोफत, बाळंतिणीचे जेवण मोफत. घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी सोडायला गाडीसुद्धा मोफत. आजारी नवजात बाळालाही हाच नियम. त्याशिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरापासूनचे शुल्क माफ झाले आहे.

म्हणजे वहीतले जीप, औषधे, तपासण्या, 'खुशी' आणि परतीची गाडी, मिळून ९,६०० रुपये, हे नियमाच्या भाषेत शून्य असायला हवे होते. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर. फुकट म्हणजे कागदावर शून्य आणि हातात नऊ हजार सहाशे!

तुम्ही म्हणाल, खेड्यातल्या बायकाच दवाखान्यात जात नाहीत, त्याला सरकार काय करणार? तो काळ गेला, बरे का. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली शंभरांतली जवळजवळ पंचाण्णव बाळंतपणे दवाखान्यात झालेली दिसतात. बायकांनी आपल्या वाटणीचे काम केले. त्या दारापर्यंत आल्या. आता दार उघडणाऱ्यांची पाळी आहे.

जिना बांधला, पायऱ्या रिकाम्या

आपली सरकारी आरोग्यव्यवस्था एखाद्या जिन्यासारखी आहे. तिची मूळ कल्पना स्वातंत्र्याच्याही आधीची. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली अहवाल दिला, की पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये आणि त्यासाठी खेड्यापासून जिल्ह्यापर्यंत आरोग्य केंद्रांची साखळी असावी. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली. आजचा नियम असा की सपाटीवर पाच हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात तीन हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र. अनुक्रमे तीस हजार आणि वीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र. त्याच्यावर ग्रामीण रुग्णालय, त्याच्यावर जिल्हा. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदियाला तर २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

म्हणजे जिना आहे. पण पायरीवर उभे राहायला माणूस नसेल, तर जिन्याचा उपयोग काय? उपकेंद्राच्या नर्सबाईंचा दिवस पाहा. लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, नोंदवह्या, ऑनलाइन माहिती भरणे, बैठका. त्या गावोगाव फिरायला गेल्या की मागे कुलूप लागणारच. त्या कुलपाचा आपल्याला राग येतो, पण त्या बाईलाही घरी मूल असते, नव्हे का?

वरच्या पायरीवर अडचण निराळी. स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत तर भूलतज्ज्ञ नाहीत, भूलतज्ज्ञ आहेत तर रक्त नाही. स्वयंपाकघरात शेगडी आहे, तांदूळ आहेत आणि पातेले नाही, तर भात होईल का? तसेच सिझेरियनचे. तिन्ही गोष्टी एकाच वेळी एकाच जागी हव्यात.

आणि जे बांधले त्याची निगा? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. सात बाळांना वाचवता आले. ज्या काचेच्या पेट्यांवर आयांनी विश्वास ठेवला, त्याच कक्षात हे घडले. आपण घरात गॅसची नळी वेळेवर बदलतो. मग शेकडो जीव जिथे असतात, तिथल्या तारांची तपासणी दर वर्षी नको का?

पैसा कुठे कमी पडतो?

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारने म्हटले होते, की देशाच्या एकूण उत्पन्नाच्या अडीच टक्के इतका सरकारी खर्च २०२५ पर्यंत आरोग्यावर होईल. २०२१-२२ च्या अधिकृत हिशेबात तो १.८४ टक्के होता. त्याच हिशेबाप्रमाणे देशात आरोग्यावर होणाऱ्या दर शंभर रुपयांतले सुमारे ३९ रुपये लोकांनी उपचाराच्या वेळी स्वतःच्या खिशातून दिले. २०१३-१४ मध्ये हा आकडा ६४ होता, म्हणजे सुधारणा आहे. ती नाकारण्याचे कारण नाही. पण डोरले गहाण ठेवणाऱ्या बाईला टक्केवारीचे समाधान नसते.

मग विमा योजना आहेत ना, असे तुम्ही विचाराल. आहेत आणि त्या कामाच्या आहेत. आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता शिधापत्रिकेचा रंग न पाहता सर्व कुटुंबांना आहे आणि आयुष्मान भारतप्रमाणे कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. हृदयाचे ऑपरेशन, कर्करोग अशा मोठ्या दुखण्यांत तिने पुष्कळ घरे सावरली. पण ती यादीतल्या आजारासाठी, यादीतल्या रुग्णालयात भरती झाल्यावर चालते. रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, खोकल्याचे औषध, भरती न होता केलेल्या सोनोग्राफीचे पैसे हे त्यात नाही. आणि जवळपास रुग्णालयच नसेल, तर कार्ड घेऊन जायचे कुठे? छत्री चांगली आहे. पण छप्पर गळत असेल तर घरात छत्री धरून किती दिवस बसणार?

सुधारणा होऊ शकते का?

होऊ शकते. उदाहरणे दूरची नाहीत. आपल्याला लागूनच असलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून काम उभे केले. १९८९ साली त्यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी करून जगाला दाखवून दिले, की शंभरांतल्या ब्याण्णव बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ! अंगावर दुखणे काढायची आपली सवय किती जुनी आहे, बघा. पुढे त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. वजन करणे, ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०११ पासून सरकारने हीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर घेतली. जामखेडला तर डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासूनच गावातल्या साध्या बायकांना आरोग्यसेविका केले होते. म्हणजे पहिली पायरी भक्कम करायची रीत महाराष्ट्राला नवी नाही.

तर पहिली सुधारणा ही. आशाताई आणि नर्सबाई यांना नीट मोबदला, चालणारी यंत्रे आणि कमी कागद. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. पण त्यांना आजही नियमित पगार नाही, मोबदला आहे. गौरवाने चूल पेटत नाही.

दुसरी सुधारणा औषधांची. तामिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ केले. एकत्र खरेदी, प्रत्येक जिल्ह्याला गोदाम आणि प्रत्येक दवाखान्याला पासबुक. किती औषध मिळाले, किती उरले ते त्यात दिसते. आपल्याकडेही २०२३ मध्ये कायदा करून खरेदीसाठी प्राधिकरण झाले आहे. त्याचे खरे मोजमाप एकच: सिस्टरच्या हातून 'बाहेरून आणा' ही चिठ्ठी लिहिली जाणे थांबले का?

तिसरी सुधारणा तज्ज्ञ डॉक्टरांची. सगळीकडे पाट्या लावण्यापेक्षा तालुक्यांच्या मधोमध काही रुग्णालये निवडून तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रक्त यांची चोवीस तास सोय करावी, आणि बाकीच्यांनी तिथे फोन करूनच पेशंट पाठवावा. म्हणजे बाळंतिणीला दारोदार फिरावे लागणार नाही. सरकारी महाविद्यालयातून डॉक्टर होणाऱ्यांना एक वर्ष सरकारी सेवेचे बंधन आहेच. पण त्यांना राहायला नीट घर, मुलांना शाळा आणि रात्री सोबतीला दुसरा डॉक्टर नसेल, तर ते टिकणार कसे? थायलंडने १९८०च्या दशकात शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांचे नवे बांधकाम काही वर्षे थांबवून तो पैसा तालुक्याच्या रुग्णालयांकडे वळवला. मग २००१ पासून तीस बाथमध्ये उपचार ही योजना आणली. आधी दवाखाना, मग कार्ड. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

चौथी सुधारणा आपल्या देखरेखीची. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचे काम झाले. गावकऱ्यांनी दवाखान्याचे प्रगतिपुस्तक भरायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचायचे. चार लोकांसमोर प्रश्न विचारला, की बंद यंत्रही चालू होते!

आपल्या हातात काय आहे?

आपण शहरगावातल्या बायका. आपल्याला वाटते, हे खेड्यातले प्रश्न. पण आपली मोलकरीण, दूधवाली, माहेरची वहिनी ह्याच जिन्यावरून जाते. म्हणून हे कात्रण कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

१. गरोदरपणात पाय किंवा चेहरा सुजणे, सतत डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, रक्तस्राव, झटका, पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल कमी होणे, ह्यांतले काहीही झाले तर त्याच दिवशी तपासणी. 'होतंच असं' म्हणायचे नाही.

२. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि लघवी ह्या तिन्ही तपासण्या झाल्या का, ते कार्डावर पाहा. यंत्र बंद असेल, तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या केंद्रात जा.

३. १०८ रुग्णवाहिकेसाठी, १०२ गरोदर माता आणि बाळासाठी, १०४ आरोग्याच्या माहितीसाठी, १५५३८८ फुले योजनेसाठी. रेंज नसलेल्या गावात आठव्या महिन्यातच एक गाडीवाला आणि दोन रक्तदाते ठरवून ठेवा.

४. 'बाहेरून आणा' असे सांगितले, तर चिठ्ठी लिहून मागा आणि जपून ठेवा. पैसे मागितले, तर नम्रपणे पावती मागा. तक्रार करायची झाल्यास वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी द्या आणि पोच घ्या.

५. बाळ घरी आल्यावर आशाताईंच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटी असतात. त्या झाल्या का, ते विचारा.

६. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल आहे. आई आणि बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. लग्न ठरवताना पत्रिका पाहता, तशी ही साधी रक्ततपासणीही करा. सरकारी केंद्रांत ती होते.

७. प्रत्येक गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. माहेरी किंवा सासरी गेलात, तर तिच्यात कोण बायका आहेत आणि शेवटची बैठक कधी झाली, एवढे तरी विचारून या.

मैत्रिणींनो, त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी वर्गात उत्तर दिले. फळ्यावर तिचाच हिशेब मांडला, मुलींना जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाची माहिती दिली आणि कोणता खर्च नियमाने शून्य हवा ते त्यांनाच ओळखायला सांगितले. वर्गात एकदम गलका झाला. प्रत्येकीच्या घरात असा एक हिशेब होता; कोणाच्या काकूचा, कोणाच्या आईचा. आम्ही ते सगळे एका कागदावर उतरवले, नावे न घालता. पुढच्या ग्रामसभेत हा कागद वाचायचा, असे मुलींच्या आयांनी ठरवले आहे. सासूबाई पहिल्या रांगेत बसणार आहेत.

त्यांचा नातू आता साडेतीन किलोंचा झाला आहे. परवा आशाताईंनी वजन केले तेव्हा मी तिथेच होते. काटा नवा होता आणि चालत होता.